आमच्या सडकेचा फळा आणि माझा ताप

आमच्या सडकेच्या तोंडाशी कडुनिंबाला तारेनं बांधलेला एक काळा फळा आहे. भिलाईच्या टाउनशिपमध्ये गल्ली नसते, सडक असते. सेक्टर, सडक आणि क्वार्टरचा नंबर सांगितला की माणूस सापडतो. नाव लागतं ते लग्नपत्रिकेपुरतं. त्या वर्षी फळ्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं 'कोरोनामुक्त दिवस' असं रंगवलेलं होतं आणि खाली खडूनं आकडा. रोज सकाळी सात वाजता माझे सासरे ओला फडका घेऊन जायचे, कालचा आकडा पुसायचे, आजचा लिहायचे आणि दोन पावलं मागं सरून बघायचे. मग घरी येऊन चहा.

हे कुणाला विचित्र वाटलं नाही. अर्धी सडक प्लांटमधून निवृत्त झालेली आणि उरलेली अर्धी शिफ्टवर. कुठल्याही मोठ्या कारखान्यात असा फळा असतोच: शेवटचा अपघात होऊन किती दिवस झाले. अपघात झाला की आकडा शून्यावर. आयुष्यभर असा फळा बघत कामावर गेलेल्या माणसांना घराशेजारीही एक असावा असं वाटलं, यात नवल काय? दुसऱ्या गावच्या लोकांनी वड लावला असता.

फळ्याचं उद्घाटन स्वातंत्र्यदिनी झालं होतं. सोळाही क्वार्टरांमधल्या सगळ्या मोठ्या माणसांचे दोन डोस पूर्ण झाल्याचा तो सोहळा. सडक समितीचे सचिव हे निवृत्त अधिकारी, नारळ दिसला की त्यांना भाषण सुचतं. "हमारी सडक ने कवच धारण कर लिया है," ते म्हणाले, आणि ऑगस्टच्या उकाड्यात ज्येष्ठांच्या खांद्यावर शाली पडल्या. मी शाळेत ग्रंथपाल असल्यामुळे मला सगळं माहीत असतं असा लोकांचा समज आहे, म्हणून 'वैज्ञानिक माहिती' माझ्याकडे होती. कागदावर मी एक वाक्य लिहून नेलं होतं: लस घेतली तरी आजार होऊ शकतो, पण सहसा तो सौम्य राहतो. सचिवांच्या कवचानंतर ते वाक्य म्हणजे लग्नाच्या पंगतीत अपचनाचा विषय काढण्यासारखं वाटलं. मी ते गाळलं. टाळ्या पडल्या.

पण माझी खरी चूक त्याच्याही आधीची, मार्चमधली, स्वयंपाकघरातली होती.

सासरे चोविसाव्या वर्षी भंडाऱ्याहून इथं आले आणि नोकरीचं सगळं आयुष्य त्यांनी विटांमध्ये काढलं. भट्टीच्या विटा. वितळलेलं पोलाद ज्या प्रचंड बादल्यांमधून नेतात त्यांना लेडल म्हणतात, आणि लेडलला आतून विटांचं अस्तर असतं, म्हणजे लायनिंग. ते लावायचं, झिजलं की फोडायचं, परत लावायचं. या कामानं आमचं घर उभं केलं आणि त्यांच्या छातीत थोडी धूळ ठेवून दिली. थंडीत त्यांचा श्वास केटलीसारखा वाजतो. डॉक्टर दरवर्षी सांगतात, याच्या वर दुसरं काही होऊ देऊ नका.

म्हणून लस आली तेव्हा मी त्यांच्या मागं लागले. ते तयार नव्हते.

"गॅरंटी किती?" त्यांनी विचारलं. विटांचा माणूस. प्रत्येक मालाबरोबर हा प्रश्न विचारायची सवय.

मी तोवर जेवढं वाचलं होतं त्यात गॅरंटी हा शब्द कुठंही नव्हता. वाचलेलं सगळं 'असं दिसतं' आणि 'बहुधा' यांनी भरलेलं होतं. पण 'बहुधा' सांगून कुणी बाही वर करत नाही.

"पक्की," मी म्हणाले. "दोन घेतल्या की झंझट खतम."

इतरांच्या मोठ्या घोषणांना हसत आयुष्य काढलेल्या बाईनं सडकेवरची सगळ्यात मोठी घोषणा मेथी निवडता निवडता केली.

त्यांनी घेतली. समोरच्या नऊ नंबरमधल्या काकांनी घेतली नाही. काका आणि सासरे तीस वर्षं संध्याकाळी सेक्टरच्या मार्केटपर्यंत बरोबर चालत जायचे. पुतण्याचं लग्न होतं, दंड दुखेल, लग्नानंतर बघू, असं काका म्हणाले होते. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात काका कोरोनानं गेले. अंत्ययात्रेला कुणाला जाता आलं नाही. त्याच आठवड्यात सासऱ्यांचा दुसरा डोस झाला. घरी येऊन दंड धरून ते बसले आणि म्हणाले, "त्याले म्या ओढून न्यायले पायजे होतं."

फळ्याचा आकडा त्यांच्या दृष्टीनं काय होता, ते मला या वाक्यानंतर कळायला हवं होतं. मी त्याला निवृत्त माणसाचा विरंगुळा समजत होते.

जानेवारी आला आणि सडक खोकायला लागली. पाच नंबरला थंडी बाधली होती. अकरा नंबरच्या भाभींना फोडणीचा ठसका लागला आणि तो चार दिवस टिकला. स्वतः सचिवांना जामुलच्या सिमेंट कारखान्याकडची धूळ सोसवत नव्हती. वारा त्या दिवसांत उलट्या बाजूनं वाहत होता, पण एवढं कोण बघतं. तपासणीला मात्र कुणी गेलं नाही. पेपरात तिसऱ्या लाटेच्या बातम्या होत्या, टीव्हीवर नकाशे लाल होत होते आणि आमच्या फळ्यावर आकडा एकेकानं वाढत होता. दीडशे झाला त्या दिवशी कुणीतरी फळ्याला झेंडूचा हार घातला. हार घातलेल्या गोष्टीवर शून्य लिहायची वेळ आपल्यामुळे येऊ नये, एवढीच प्रत्येकाची इच्छा. आजाराला कुणी घाबरत नव्हतं म्हणा ना, आकड्याला घाबरत होते.

संक्रांतीच्या दिवशी मी तिळगूळ वाटून आले. संध्याकाळी घसा धरला, सकाळी ताप. मलाही पहिल्यांदा तिळावर ढकलावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण घरात केटली वाजत होती. नवरा मला स्कूटरवर आरोग्य केंद्रात घेऊन गेला. पंधरा मिनिटांत दोन रेघा उमटल्या.

"दोनों डोज हुआ है न, मॅडम?" तपासणाऱ्या मुलीनं विचारलं. "फिर घबराना मत."

मी घाबरले नव्हते, मला राग आला होता. सहा महिन्यांपूर्वी घेतलेली लस, शिवाय वर्षभर धुतलेल्या भाज्या, शिवाय मास्कनं कानामागं पडलेले वळ. हे सगळं कुठं गेलं?

दुपारी एक माणूस येऊन आमच्या सात नंबरच्या दारावर गृह विलगीकरणाचं स्टिकर लावून गेला. दारावर आधीच 'यह घर पूर्णतः टीकाकृत है' असं, म्हणजे सगळ्यांची लस झाल्याचं, एक स्टिकर होतं. त्यानं नवं बरोबर त्याच्या खाली, कडा जुळवून लावलं.

रस्त्याकडची छोटी खोली सासऱ्यांची होती. ते मधल्या खोलीत गेले आणि मी त्यांच्या खोलीत आले. त्या खिडकीतून कडुनिंब आणि फळा सरळ दिसतो. आमच्या दोघांच्या मध्ये एक दार आणि त्याखालची बोटभर फट.

"काय मग, सूनबाई?" दाराबाहेरून आवाज आला. "थे गॅरंटी कार्ड कुठी ठेवलं होतं, पाय ना जरा."

मला हसू आलं आणि हसण्याचा खोकला झाला. दाराबाहेरच्या सपाता घाईघाईनं लांब गेल्या.

त्या संध्याकाळी सचिव फाटकाशी आले. खिडकी बंद होती, पण सचिवांच्या आवाजाला खिडक्यांची अडचण नसते.

"भाईसाब, घर की बात है. बहू सात दिन में ठीक हो जाएगी. छब्बीस को आदर्श सडक की शील्ड मिलनी है, मेहमान आएँगे, फोटो होगा. फोटो में शून्य अच्छा लगेगा क्या?"

सासरे काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सात वाजता मी खिडकीशी होते. अंगात ताप होता, पण हे बघायचं होतं. ते फडका घेऊन गेले, एकशे त्रेपन्न पुसलं आणि लिहिलं, एकशे चोपन्न. दोन पावलं मागं सरले नाहीत. खडू खिशात टाकून खाली मान घालून परत आले.

त्याच दुपारी आमच्या भागातली मितानिन आली. छत्तीसगडमध्ये वस्तीतल्या आरोग्य सेविकेला मितानिन म्हणतात, म्हणजे मैत्रीण. ही मैत्रीण सगळ्यांचे डोस आपल्या मोबाइलपेक्षा जास्त आपल्या डोक्यात ठेवायची. फाटकाबाहेरूनच ती म्हणाली, "बबा, नौ महिना पूरा होवत हे. तीसर सूजी लगवाय बर आना हे." म्हणजे तिसरी सुई घ्यायला या.

"नाही घेत," सासरे मराठीतच म्हणाले. मग तिच्यासाठी हिंदीत. "नहीं लेना. दो में ये हाल है, तीसरी में क्या होगा? उतर ही जाती है ना?"

मी आत पलंगावर उठून बसले. त्यांचा शेवटचा डोस नऊ महिन्यांपूर्वीचा. माझा तर सहाच महिन्यांपूर्वीचा, आणि मी अशी पडलेली. मधलं दार सागवानी असलं तरी खाली फट होतीच. त्या छातीत हा आजार शिरला तर काय, याचा विचार मी मार्चपासून करत आले होते. आणि आता ते नको म्हणत होते ते माझ्या बोलण्यामुळे. मी 'पक्की' म्हणाले होते आणि त्या पक्क्या लशीचा जोर माझ्याच अंगात उतरला होता.

संध्याकाळी दारावर टकटक झाली. "काढा आनला. मी दूर सरतो, मंग दार उघड."

उंबऱ्यावर एक निळा थर्मास होता. हा थर्मास मी पंधरा वर्षं शोकेसमध्ये खोक्यासकट बघत आले होते. पाहुण्यांसाठीही कधी बाहेर निघाला नव्हता. त्यावर सोनेरी अक्षरांत 'सुरक्षा पुरस्कार' लिहिलेलं आहे. मी तो आत घेतला, दार लावलं आणि दाराला पाठ लावून खाली बसले. बोलायचं होतं, आणि तोंड दिसत नसताना ते सोपं होतं.

"बाबा, थे गॅरंटीचं म्या खोटं सांगतलं होतं."

"मले मालूम होतं." आवाज मधल्या खोलीच्या पार पलीकडून आला.

"कसं काय?"

"पक्की गॅरंटी देनारे सप्लायर म्या लय पायले. डोयात पाहून कोनी बोलत नाही. तू मेथीत पाहून राहिली होती."

"मग घेतली कावून?"

"तू भेली होती म्हनून. घरातलं मानूस एवढं भेते तर कायतरी असंन, म्हनलं."

काढा कडू होता, तो पीत राहिले.

"मग आता कावून नाही म्हनता? मी आताही भेऊन राहिली."

त्यांनी उलट विचारलं, "थर्मास गरम ठेवते का?"

"हो."

"पंधरा वर्षानं पायलं." मग खुर्ची सरकल्याचा आवाज. ते सांगायला बसले आहेत हे मला त्यावरून कळलं.

प्लांटमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी तीन वर्षं हथखोजच्या एका छोट्या फाउंड्रीत लायनिंगची देखरेख केली होती. एवढं मला माहीत होतं. तिथंही फळा होता. दोनशे दिवस बिनअपघाताचे झाले की सगळ्यांना बक्षीस. दोनशेला आठ-दहा दिवस उरले असताना विटांचा एक ढीग कलंडला आणि एका मिस्त्रीच्या पायावर आला. दोन बोटं चेंदली. सासऱ्यांनी त्याला स्वतःच्या स्कूटरवर डॉक्टरकडे नेलं, पट्टी बांधून घरी सोडलं आणि हजेरीत लिहिलं, सुट्टी.

"थो मिस्त्रीच म्हने, लिहू नका साहेब, साऱ्याइचं बक्षीस जाईन. मलेही थेच पायजे होतं, सूनबाई. त्याच्या तोंडातून निघालं तर बरं वाटलं." ते खोकले, त्यांचा नेहमीचा खोकला, मी मोजत असल्यासारखी ऐकत राहिले. "पन लिहिलं नाही तर थो ढीग कोनी पायला नाही. तसाच तिरपा. पंधरा दिवसानं परत कलंडला. तेव्हा खाली कोनी नव्हतं. दोन मिनिटं पयले चार मानसं तिथी बसून डबा खाऊन राहिली होती."

"आणि थर्मास?"

"थो भेटला होता ना आदल्याच हप्त्यात."

मी थर्मासकडे पाहिलं. सोनेरी अक्षरं अजून चकचकीत होती, वापरलेला नव्हता ना.

"शून्य लिहिलं की लोकं ढिगाकडे पायतात," ते म्हणाले. "एवढंच काम हाय त्याचं. नऊ नंबरवाल्याच्या नावानं म्या फया लिहाले घेतला होता. अन् आज पाय काय लिहून आलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांनी आधी झेंडूचा सुकलेला हार काढला. मग एकशे चोपन्न पुसलं, नीट, दोनदा. आणि एक मोठं शून्य काढलं, फळा भरून. दोन पावलं मागं सरले, डोकं तिरकं करून पाहिलं आणि पुढं होऊन त्याची एक बाजू जरा गोल केली.

नऊ वाजेपर्यंत सचिव येऊन रागावून गेले होते. "आपने सडक की नाक कटवा दी." सासरे म्हणाले, "नाक मास्क में है, साहब." माझ्या नवऱ्यानं ही गोष्ट नंतर पूर्ण शिफ्टला सांगितली.

दुपारपर्यंत मात्र गंमत झाली. अकरा नंबरच्या भाभी फाटकाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, आमच्याकडेही चार दिवसांपासून वास येत नाहीये. मग पाच नंबर. मग दोन नंबर, जिथं साखरेचा आजार असलेले आजोबा तीन दिवस 'थंडी'नं झोपून होते. त्यांना त्याच दिवशी केंद्रात नेलं आणि वेळेवर नेलं असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळपर्यंत चार घरं निघाली. फाटकांवर जेवणाचे डबे लटकायला लागले. सडकेवरचा एकुलता एक ऑक्सिमीटर प्लॅस्टिकच्या पिशवीत बसून घरोघर फिरू लागला. ज्यांच्याकडे काही नव्हतं त्यांनी सल्ले दिले. सचिवांची धूळही दोन दिवसांनी तपासली गेली, धूळ नव्हती.

माझा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. अंग दुखत होतं, घशात काच होती, पण श्वास सरळ होता, आणि एप्रिलमध्ये काय झालं ते ज्यांनी पाहिलं होतं त्यांना या 'सरळ'ची किंमत कळेल. पडल्या पडल्या मी वाचत होते. रागाचं उत्तर तिथं होतं, आणि नेहमीसारखं ते 'बहुधा'च्या भाषेत होतं. लस घेतल्यावर रक्तात तयार झालेले पहारेकरी काही महिन्यांनी कमी होतात. तेवढी फौज कायम उभी ठेवणं शरीराला परवडत नाही. पण शत्रूची ओळख आत राहते आणि ती जास्त टिकते. म्हणून दारातून शिरकाव होतो, पण घर सहसा लुटलं जात नाही. शिवाय या वेळी चोर कपडे बदलून आला होता. किती टिकते, कुणात किती, हे कुणीच छातीठोक सांगत नव्हतं. मला ते आवडलं. सचिवांनी हे लिहिलं असतं तर त्यात कवच आलं असतं.

चौथ्या दिवशी सकाळी मधल्या खोलीतून खोकला ऐकू आला, आणि तो नेहमीचा नव्हता. कोरडा, तुटक. मी दाराला कान लावला. परत तोच. नवरा कामावर गेलेला. मी मितानिनला फोन केला. ती दहा मिनिटांत आली आणि आमच्या घरात जे कुणालाच जमलं नसतं ते तिनं केलं: सासऱ्यांना न विचारता चपला घालायला लावल्या.

मी खिडकीशी उभी राहिले. केंद्र पाच मिनिटांवर, तपासणी पंधरा मिनिटांची, परत पाच. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायचं नाही असं ठरवलं आणि दर मिनिटाला पाहिलं. फळ्यावर अजून शून्य होतं. सासऱ्यांनी ते आज बदललं नव्हतं. मला मार्चमधली मेथी आठवत होती. 'बहुधा' म्हटलं असतं तर काय झालं असतं? घेतली असती का त्यांनी? की नऊ नंबरच्या काकांसारखं?

पाऊण तासानं ते कडुनिंबाखाली दिसले. चालत होते, मितानिन दोन पावलं मागं. खिडकीसमोर आल्यावर ते थांबले, हात वर केला आणि अंगठा आणि बोट जुळवून गोल केला. शून्य, म्हणजे एकच रेघ. मी पलंगावर बसले.

खोकला माझ्या काढ्याच्या मिऱ्यांचा निघाला. दारापाशी ठेवण्याआधी ते रोज चाखून बघत होते.

त्या दुपारी त्यांनी स्वतःच विषय काढला. "उतरते कशाले पन? हे सांग. वाचलं असंन ना."

मी पहारेकऱ्यांचं सांगितलं, ओळखीचं सांगितलं, कपडे बदलल्याचं सांगितलं. या वेळी मेथी नव्हती. दारच होतं, पण मी दाराकडे तोंड करून बोलले.

"मंजे लायनिंग," ते म्हणाले.

"तसंच काही नाही..."

"ऐक ना. लेडलची लायनिंग पयल्या हीटपासून, मंजे पोलादाच्या पयल्या खेपेपासूनच झिजते. झिजते म्हनून कोनी म्हनत नाही का लायनिंग खोटी होती. थे झिजली म्हनून तर बाहेरचं लोखंड वाचलं. तू पडली, पन दवाखान्यात गेली का? नाही. मंग परत लावाची. पन मार्चमध्ये हेच सांगाचं ना. गॅरंटी कावून म्हनली?"

शरीर म्हणजे लेडल नव्हे, लायनिंगला आठवण नसते आणि शरीराला असते, एवढी दुरुस्ती मी सुचवून पाहिली. "भट्टीलेही असते," असं म्हणून त्यांनी ती उडवून लावली. वीस वर्षांत त्यांनी माझी दुरुस्ती स्वीकारलेली नाही.

माझे सात दिवस संपले तेव्हा आम्ही दोघं केंद्रात गेलो. रांग लहान होती. वर्षभरापूर्वीचे फुगे आणि सेल्फी काढायची चौकट कोपऱ्यात धूळ खात पडली होती. मला ती जागा तशी जास्त भरवशाची वाटली. सासऱ्यांनी बाही वर करण्याआधी सिस्टरला विचारलं, "इसकी गॅरंटी कितनी?"

मी सिस्टरकडे पाहिलं.

"पता नहीं, बाबा," ती सुई तपासत म्हणाली. "किसी को नहीं पता. कुछ महीने तो ठीक."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, या बाईला बोलता येतं, अशा नजरेनं, आणि बाही वर केली.

शील्ड पलीकडच्या सडकेला मिळाली. तिथं फळाच नव्हता.

सव्वीस तारीख उलटल्यावर सासऱ्यांनी टर्पेंटाइननं वरची रंगवलेली ओळ घासून काढली. पुसटशी अजून दिसते. त्या जागी त्यांनी लिहिलं, 'किसका कब', आणि खाली सोळा क्वार्टरांचे रकाने: कुणाचा डोस कधी झाला, पुढचा कुठल्या महिन्यात. लेडलच्या दुरुस्तीचा तक्ता असायचा तसाच. सगळ्यात खाली, कुठल्या नंबरात कुणी आजारी असेल तर तेही, म्हणजे दूधवाला डबा बाहेर ठेवील. लोक स्वतः येऊन सांगायला लागले. सचिवांनी आपलं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं, सुवाच्य.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात सासऱ्यांना झालाच. तिसऱ्या डोसलाही तोवर वर्ष उलटून गेलं होतं. दोन दिवस ताप, चार दिवस चिडचिड, जेवणाला चव नाही म्हणून माझ्या वरणावर तक्रार. केटली जरा जोरात वाजली आणि मग नेहमीच्या सुरावर आली. पहिल्या सकाळी मी निळा थर्मास त्यांच्या दाराशी ठेवला. सोनेरी अक्षरांमधला 'सु' एव्हाना वापरून निघून गेला होता.

"फयावर लिहिलं का?" आतून आवाज आला.

"लिहिलं."

"काय लिहिलं?"

"सात नंबर, आजोबा, आजपासून."

"मांगं सरून पायलं का?"

पाहिलं नव्हतं. मी परत कडुनिंबापाशी गेले आणि दोन पावलं मागं सरले. सातचा आकडा तिरपा झाला होता, लांबून एकासारखा दिसत होता. एक नंबरवाल्यांचं दूध उगाच बाहेर राहिलं असतं. मी तो पुसला आणि नीट लिहिला.